माजी सैनिकांची गाऱ्हाणी आणि ती मांडण्याची रीत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात माजी सैनिकांच्या प्रश्नांविषयी चार शब्द सांगावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून एक तरी पुरुष, आणि अलीकडे क्वचित एखादी कन्याही, सैन्यात गेलेली आहे. त्यांच्या पराक्रमाचा गौरव आपण या व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकला आहे, म्हणून आज मी त्या विषयाला हात घालीत नाही. पंधरा-वीस वर्षे इमानाने सेवा करून जो शिपाई घरी परत आला, त्याच्या औषधाच्या चिठ्ठीविषयी, त्याच्या निवृत्तिवेतनाच्या कागदाविषयी आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला मिळावयाच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाविषयी मला बोलावयाचे आहे. विषय रुक्ष आहे हे मी जाणतो. परंतु ज्या घरात हृदयविकाराची गोळी संपली आहे, किंवा ज्या विधवेच्या खात्यावर चार महिने पैसा जमा झालेला नाही, त्या घराला तो रुक्ष वाटत नाही.

प्रथम एका गैरसमजाचा परामर्श घेतला पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ माजी सैनिकांना तक्रार करणे हे कमीपणाचे, किंबहुना शिस्तीला सोडून असे वाटते. “सरकारने दिले ते घ्यावे, नाही दिले तर गप्प बसावे” अशी त्यांची वृत्ती असते. ही वृत्ती मनाच्या मोठेपणातून आलेली असली, तरी ती कायद्याच्या अज्ञानावर उभी आहे. ज्या १९५० च्या सेना अधिनियमाने शिपायाला शिस्तीत बांधले, त्याच अधिनियमाच्या २६ व्या कलमाने अन्याय झाल्यास वरिष्ठांकडे दाद मागण्याचा हक्क त्याला दिला आहे, आणि २७ व्या कलमाने तसाच हक्क अधिकाऱ्यांना दिला आहे. पलटणीत दरबार भरतो आणि तेथे जवान उभा राहून कमांडिंग ऑफिसरसमोर आपली अडचण मांडतो, हे येथे बसलेल्या प्रत्येक माजी सैनिकाने अनुभविले आहे. तेव्हा योग्य जागी, योग्य भाषेत, क्रमाने मांडलेले गाऱ्हाणे हा शिस्तीचाच एक भाग होय. सेवेत असताना जे योग्य होते, ते निवृत्तीनंतर अयोग्य कसे ठरेल?

आता आपले हक्क कोणते, याचा थोडक्यात विचार करू. आरोग्यासंबंधी मुख्य योजना म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. तिला सर्वजण ई.सी.एच.एस. या नावाने ओळखतात. ही योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक, त्याची पत्नी आणि नियमात बसणारी अवलंबून असलेली मुले व आईवडील यांना तिचा लाभ मिळतो. रुग्णाने प्रथम आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे, तेथील डॉक्टरांनी तपासून आवश्यक तर सैनिकी रुग्णालयाकडे अथवा पॅनेलवरील खासगी रुग्णालयाकडे रेफरल द्यावे, आणि पॅनेलवरील रुग्णालयाने ठरलेल्या दराने, रुग्णाकडून रोख रक्कम न मागता उपचार करावेत, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. प्राणावर बेतलेल्या प्रसंगी रेफरलची वाट पाहावी लागत नाही, जवळच्या रुग्णालयात थेट जाता येते. मात्र ते रुग्णालय पॅनेलवरील नसेल तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. बिल प्रथम स्वतः भरून मागाहून प्रतिपूर्ती मागावी लागते, आणि ती ठरलेल्या दरांनुसारच मिळते. हा ४८ तासांचा नियम घरातील बायकामुलांना ठाऊक असला पाहिजे. कारण तो पाळण्याची वेळ येते तेव्हा माजी सैनिक स्वतः खाटेवर निपचित पडलेला असतो.

दुसरा विषय निवृत्तिवेतनाचा. पूर्वी हे वेतन बहुतांशी बँकांमार्फत निघत असे. अलीकडे संरक्षण खात्याने ‘स्पर्श’ नावाची संगणकीय व्यवस्था उभी केली असून तिचा कारभार प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून चालतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर वेतन थांबते. जुन्या कागदातील नाव, जन्मतारीख अथवा खातेक्रमांक आणि आधारपत्रिकेतील नोंद यांत मेळ नसला, तर प्रकरण अडकून राहते. येथे आपल्या समाजातील एका रूढीचा मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. विवाहप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधारपत्रिकेवर तिसरे, अशी अवस्था पुष्कळ भगिनींची झालेली असते. पती हयात असेतो ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच्या निधनानंतर मात्र, जिच्याबरोबर त्याने चाळीस वर्षे संसार केला, तिलाच आपण त्याची पत्नी असल्याचे सिद्ध करावे लागते. ही गोष्ट पती-पत्नी दोघेही हयात असतानाच दुरुस्त करून घेणे अत्यंत अवश्य आहे.

हक्क समजले तरी गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे, हा प्रश्न उरतोच. पुष्कळ लोक पहिल्याच रागात एकदम संरक्षणमंत्र्यांना किंवा राष्ट्रपतींना पत्र लिहितात. ते पत्र फिरत फिरत अखेर त्याच खालच्या कार्यालयात येते आणि मध्ये दोन-तीन महिने व्यर्थ जातात. म्हणून पायरीने जावे. आरोग्ययोजनेसंबंधी पहिली पायरी पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याची. तेथे निकाल न लागल्यास ते पॉलिक्लिनिक ज्याच्या अखत्यारीत आहे त्या स्टेशन हेडक्वार्टरकडे, त्यानंतर प्रादेशिक केंद्राकडे आणि शेवटी दिल्लीतील केंद्रीय संघटनेकडे जावे. आपल्या राज्यात पुणे, मुंबई व नागपूर येथे अशी प्रादेशिक केंद्रे आहेत. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत स्पर्शवरच तक्रार नोंदविता येते. ज्यांना संगणकाची सवय नाही त्यांनी सेवाकेंद्राचे साहाय्य घ्यावे. सेवेतील नोंदींची दुरुस्ती मात्र आपापल्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रत्येक वेळी निर्णय देऊ शकत नसले, तरी कागद तपासून देणे व योग्य दार दाखविणे हे त्याचे कामच आहे, आणि त्याच्यावर पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे.

या पायऱ्यांवर उत्तर न मिळाल्यास केंद्र सरकारच्या सी.पी.ग्राम्स या तक्रार-व्यवस्थेत गाऱ्हाणे नोंदवावे. ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा तक्रारीचा निकाल साधारणतः २१ दिवसांत लागावा अशी अपेक्षा आहे. तक्रार समाधान न होता बंद केली गेली, तर ३० दिवसांच्या आत अपील करता येते. “तक्रार निकाली काढली” असा संदेश आला म्हणजे सर्व संपले असे समजून पुष्कळ लोक हातपाय गाळतात. वास्तविक त्या वेळी उत्तर नीट वाचून अपिलाची तयारी करावयाची असते.

आता प्रत्यक्ष अर्ज कसा लिहावा याविषयी सांगतो, कारण अर्धे गाऱ्हाणे लिहिण्याच्या दोषानेच फसते. अर्जाचे चार पानी निबंध मी पाहिले आहेत. त्यांत १९७१ च्या युद्धाचे वर्णन असते, मुलाच्या बेकारीचे दुःख असते, डॉक्टरांच्या उद्धटपणाचा निषेध असतो. परंतु अर्जदाराला नेमके काय हवे आहे, ते शेवटपर्यंत सापडत नाही. ज्या कारकुनाच्या मेजावर तो अर्ज पडतो, त्याला त्यावर करावयाची कृतीच दिसत नाही आणि अर्ज बाजूला राहतो. सैन्यात आपण अहवाल कसा देत होतो ते आठवावे. केव्हा, कोठे, काय घडले, आता स्थिती काय आणि पुढे काय हवे, एवढेच त्यात असे. तीच शिस्त अर्जात पाळावी. एका अर्जात एकच मागणी असावी. औषधाची तक्रार, बिलाची तक्रार आणि वेतनाची तक्रार ही तीन निरनिराळ्या कार्यालयांची कामे आहेत, ती एका कागदावर एकत्र करू नयेत.

नमुन्यादाखल एक मसुदा वाचून दाखवितो:

“मी अमुक पलटणीतून अमुक दिनांकास अमुक हुद्द्यावरून निवृत्त झालो. माझा सेवाक्रमांक, पी.पी.ओ. क्रमांक व आरोग्यपत्रिकेचा क्रमांक वर दिला आहे. दिनांक अमुक रोजी पहाटे माझ्या पत्नीस हृदयविकाराचा झटका आल्याने तिला जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याच दिवशी सायंकाळी पॉलिक्लिनिकला लेखी कळविले. पोच सोबत जोडली आहे. दिनांक अमुक रोजी प्रतिपूर्तीचा प्रस्ताव सर्व मूळ बिलांसह सादर केला. त्याचीही पोच जोडली आहे. आजपर्यंत रक्कम मिळालेली नाही व नकाराचे कारणही कळविण्यात आलेले नाही. तरी प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे ते लेखी कळवावे, त्रुटी असल्यास एकाच वेळी सर्व त्रुटी सांगाव्यात, आणि नियमानुसार देय रक्कम द्यावी, ही विनंती.”

एवढा मजकूर पुरे आहे. यात कोणाची निंदा नाही आणि दीनवाणेपणाही नाही. प्रत्येक वाक्याला तारीख आहे व प्रत्येक तारखेला कागदाचा आधार आहे. “सर्व त्रुटी एकाच वेळी सांगाव्यात” हे वाक्य मात्र विसरू नये. एक त्रुटी दूर केली की दुसरी निघते, आणि या येरझाऱ्यांत वृद्ध मनुष्याची शक्ती व एस.टी.चे भाडे दोन्ही खर्ची पडतात.

पॅनेलवरील रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली, किंवा खाट असताना नाही म्हटले, तर वाद घालीत बसण्याऐवजी नकार कोणी दिला, किती वाजता दिला व कोणते कारण सांगितले याची नोंद तेथल्या तेथे करावी. पैसे भरावे लागल्यास पावती घ्यावी आणि त्याच दिवशी पॉलिक्लिनिकला कळवावे. बिले थकल्याची तक्रार रुग्णालये करतात आणि ती कधी कधी खरीही असते. परंतु तो रुग्णालय व प्रशासन यांच्यातील व्यवहार आहे, त्याचा भार रुग्णाने उचलावा असे करारात नाही. उपचारांतच हयगय झाली अशी शंका असेल, तर रुग्णाच्या नोंदींच्या नकला लेखी मागाव्यात. डॉक्टरांच्या वर्तनासंबंधीच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत त्या द्यावयाच्या असतात. नोंदी हाती आल्यावाचून कोणावरही आरोप करू नये.

भाषेविषयी एक शब्द. इंग्रजी येत नाही म्हणून अनेकजण अर्जच करीत नाहीत. आपल्या संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. मराठीतील अर्ज हा पूर्ण अर्ज होय. काम लवकर व्हावे म्हणून सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडणे सोयीचे असते, एवढेच. अर्ज हाती दिला तर दुय्यम प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी, आणि टपालाने पाठविला तर स्पीड पोस्टाची पावती जपावी. मूळ कागद नियमाने मागितले असतील तेथेच द्यावेत, आणि तेही संपूर्ण संचाच्या नकला घरी ठेवूनच. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला, ते कितीही गोड असले तरी, पुढे पुरावा म्हणून किंमत राहत नाही. फोन झाल्यावर त्यातील सारांश लिहून त्याच कार्यालयाला पाठवावा.

अर्जाला उत्तरच येत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाचा उपयोग करावा. केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क १० रुपये असून ३० दिवसांत माहिती मिळावयाची असते. न मिळाल्यास अथवा अपुरी मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. येथे “माझ्यावर अन्याय का केला?” असे विचारून उपयोग नाही. “माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जावर झालेल्या टिपणीची व कार्यवाहीची नक्कल द्यावी” असे मागावे. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न असेल तर वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची नक्कल प्रथम मागावी.

त्या नकलेचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. धर्मवीर सिंग नावाचा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला आणि अपस्माराच्या विकारामुळे १९९४ मध्ये त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. हा विकार सेवेमुळे झालेला नाही असे ठरवून त्याला अपंगत्वाचे वेतन नाकारण्यात आले. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. भरतीच्या वेळी कागदात विकाराची नोंद नसेल तर शिपाई निरोगी होता असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही, आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत, असे त्या निर्णयाचे सार आहे. भरतीचा कागद कोरा होता आणि मंडळाच्या कागदावर कारणे नव्हती, या दोन गोष्टींवर ते प्रकरण उभे राहिले. अपंगत्वाच्या वेतनाचे नियम पुढे २००८ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये बदलले आहेत. म्हणून अर्जात सेवामुक्तीची तारीख ठळकपणे लिहावी, कारण कोणते नियम लागू होणार हे तिच्यावर अवलंबून असते.

विलंबाची किंमत दाखविणारे दुसरे उदाहरण तरसेम सिंग यांच्या प्रकरणाचे. ते १९८३ मध्ये सेवेतून अपंग म्हणून मुक्त झाले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वेतनाचा हक्क बुडविला नाही. परंतु थकबाकी मात्र अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित केली. इतर प्रकरणांत वस्तुस्थितीप्रमाणे निराळे निर्णय होऊ शकतात. तथापि “पुढच्या वर्षी बघू” म्हणून कपाटात ठेवलेला कागद घराला किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

सर्व पायऱ्या झाल्यावर सेवा व निवृत्तिवेतनविषयक वादांसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतही आहे. अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत तेथे अर्ज करावयाचा असतो. खात्याने निवेदनावर सहा महिने काहीच निर्णय दिला नाही, तर त्यापुढील सहा महिन्यांत जाता येते. आपण निवेदन केव्हा दिले याची पोच जवळ नसेल, तर हे महिने कोठून मोजावयाचे? पोच जपण्याचा आग्रह मी पुनःपुन्हा धरतो तो याचकरिता. वकिलाच्या खर्चाची भीती वाटणाऱ्या भगिनींना सांगतो की, १९८७ च्या विधी सेवा अधिकारिता अधिनियमान्वये स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न न पाहता, मोफत कायदेविषयक साहाय्य मागता येते. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. प्रत्येक नकार हा अन्याय नसतो. योजनेच्या दरापेक्षा जास्त झालेला खर्च, नियमात न बसणारा नातेवाईक, किंवा प्राणावरचा प्रसंग नसताना रेफरलशिवाय घेतलेले उपचार यांबद्दल रक्कम नाकारली गेली, तर तेथे भांडून उपयोग नाही. खोटे गाऱ्हाणे एकाचे असते, पण त्याने पुढच्या दहा खऱ्या गाऱ्हाण्यांची पत जाते. पॉलिक्लिनिकमधील डॉक्टर व कर्मचारी हेही बहुधा मोठ्या गर्दीत काम करीत असतात. त्यांच्याशी आदराने बोलावे, काम झाल्यावर आभाराचे दोन शब्द लिहावेत, आणि पुराव्यावाचून कोणावर लाचेचा आरोप करू नये.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ज्ञातीतील सर्व माजी सैनिकांची व वीरपत्नींची गाववार नोंदवही मंडळाने करावी. सातारा-कोल्हापूरकडील डोंगराळ खेड्यांतून पॉलिक्लिनिक गाठण्यात वृद्धांचा आख्खा दिवस जातो. अशांना कोणी सोबती देता येईल का, हे त्या नोंदवहीवरून ठरविता येईल. दुसरी, महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या कार्यालयात संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांनी बसावे, हयातीचा दाखला, स्पर्शवरील तक्रार व अर्जांचे मसुदे यांत साहाय्य करावे, आणि त्याबद्दल एक पैसाही घेऊ नये. शेकडा अमुक घेऊन काम करून देतो असे सांगणारे दलाल गावोगाव फिरतात, आणि फोनवरून सांकेतिक क्रमांक विचारून वृद्धांची खाती रिकामी करणारे भामटेही आहेत. त्यांना उत्तर म्हणून आपल्याच घरातील विश्वासू माणूस हवा. तिसरी विनंती भगिनींना आहे. घरी गेल्यावर डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आरोग्यपत्रिका, विवाहाचा दाखला व बँकेचे पुस्तक कोठे आहे ते पाहावे, त्यांवरील आपले नाव एकसारखे आहे की नाही ते ताडून पाहावे, आणि नसेल तर याच महिन्यात रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडावा.

सैनिकाने देशासाठी जे दिले त्याची परतफेड कोणत्याही कार्यालयाला करता येणार नाही. परंतु कायद्याने जे त्याचे म्हणून ठरविले आहे, ते त्याला वेळेवर व सन्मानाने मिळावे एवढी व्यवस्था तरी आपण सर्वांनी मिळून करू शकतो. मंडळाने हे कार्य या वर्षीच हाती घ्यावे अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!